किती मेमरी घ्यावी? पहिल्या आयबीएम पीसीचा हिशेब

१२ ऑगस्ट १९८१ रोजी न्यूयॉर्कमधल्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हा किमतीही सांगितल्या. सर्वांत स्वस्त यंत्र १,५६५ डॉलरचं. त्यात मुख्य पेटी, कीबोर्ड आणि १६ केबी मेमरी. फ्लॉपी ड्राइव्ह नाही, मॉनिटर नाही. घरचा टीव्ही जोडायचा आणि प्रोग्राम कॅसेटवर साठवायचे. ६४ केबी मेमरी, एक फ्लॉपी ड्राइव्ह आणि मॉनिटर हवा असेल तर सुमारे ३,००५ डॉलर. रंगीत चित्र, दोन ड्राइव्ह आणि प्रिंटर असलेलं, धंद्याला पुरेल असं यंत्र ४,५०० डॉलरच्या घरात. सीअर्स किंवा कॉम्प्युटरलँडच्या दुकानात गेलेल्या गिऱ्हाइकाला या आकड्यांपुढे ठरवावं लागायचं: १६ केबी पुरेल का? ६४ घ्यावी? की आणखी?

त्या काळी मेमरी महाग होती, ती हाताने बसवावी लागत होती आणि तिची प्रत्येक मर्यादा पेटी उघडली की डोळ्यांना दिसत होती. म्हणून मेमरी वाढवणं म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला पहिल्या आयबीएम पीसीसारखं उदाहरण नाही. त्या हिशेबातून हाती येणारी गोष्ट आजही खरी आहे: यंत्रात आज किती मेमरी आहे एवढंच पाहून चालत नाही. उद्या किती घालता येईल, ती कोणत्या वाटेने आणि किती खर्चात, हे आधी पाहावं लागतं.

१६ केबीत काय मावतं?

एक केबी म्हणजे १,०२४ बाइट, आणि इंग्रजीतल्या एका अक्षराला एक बाइट लागतो. १६ केबी म्हणजे १६,३८४ अक्षरं, टाइप केलेली साधारण आठ पानं. पण मेमरीत फक्त आपला मजकूर नसतो. जो प्रोग्राम चालवायचा तोही तिथेच येऊन बसतो, आणि फ्लॉपी वापरायची असेल तर तिचा कारभार पाहणारी डॉस ही प्रणालीही तिथेच मुक्काम करते. आपल्या कामाला उरते ती या सगळ्यांच्या नंतरची जागा.

आयबीएमने बेसिक ही भाषा ३२ केबीच्या कायमस्वरूपी मेमरीत, म्हणजे रॉममध्ये भरून दिली होती. त्यामुळे १६ केबीचं यंत्र चालू करताच निदान बेसिकमध्ये काम करता यायचं. डिस्कवरून चालणारं प्रगत बेसिक हवं असेल तर मात्र ४८ केबी लागत. व्हिसीकॅल्क हा हिशेबाचा लोकप्रिय प्रोग्राम ६४ केबी मागायचा. म्हणजे १,५६५ डॉलरचं यंत्र शिकण्यापुरतं ठीक होतं. कचेरीचं काम करायचं तर ६४ केबीपासूनच सुरुवात होती.

एक बाब आयबीएमच्या गिऱ्हाइकाच्या फायद्याची होती. पडद्यावरचं चित्रही कुठल्यातरी मेमरीत साठवावं लागतं. आयबीएमने ती मेमरी पडद्याच्या कार्डावरच दिली होती: एकरंगी कार्डावर ४ केबी, रंगीत कार्डावर १६ केबी. मुख्य मेमरीतून पडद्याला काही द्यावं लागत नव्हतं. १९७७ सालच्या अ‍ॅपल टू या यंत्रात तसं नव्हतं. त्याचं बारीक ठिपक्यांचं चित्र मुख्य मेमरीतले ८ केबी घेत असे. ४ केबीचा अ‍ॅपल टू घेणाऱ्याला ते चित्र कधीच पाहता येत नव्हतं. त्यासाठी यंत्रात एवढी जागाच नव्हती. त्यामुळे दोन यंत्रांच्या जाहिरातीत मेमरीचा आकडा सारखा दिसला, तरी कामाला येणारी मेमरी सारखी असेलच असं नव्हतं.

छत कुठे आहे?

मेमरी किती वाढवता येईल याची पहिली मर्यादा प्रोसेसर ठरवतो. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एक पत्ता असतो आणि तो पत्ता प्रोसेसर ठरावीक तारांवरून पाठवतो. अ‍ॅपल टूमधल्या ६५०२ या प्रोसेसरला पत्त्यासाठी १६ तारा होत्या. प्रत्येक तारेवर शून्य किंवा एक, म्हणून एकूण पत्ते ६५,५३६, म्हणजे ६४ केबी. त्यातही काही पत्ते रॉमसाठी आणि जोडकार्डांसाठी राखलेले, म्हणून मुख्य बोर्डावर ४८ केबीपर्यंतच मेमरी बसे. पुढे अ‍ॅपलने १६ केबीचं जादा कार्ड काढलं. ते रॉमच्याच पत्त्यांवर बसायचं आणि गरजेप्रमाणे कधी रॉम, कधी कार्ड अशी अदलाबदल करायची. सोय झाली, पण ती मूळ आखणीला डावलून.

आयबीएम पीसीतल्या इंटेल ८०८८ ला पत्त्याच्या २० तारा होत्या. त्यावर १०,४८,५७६ बाइटना, म्हणजे १ एमबीला हाक मारता येते. आयबीएमच्या अभियंत्यांनी त्यातले वरचे ३८४ केबी पडदा, रॉम आणि जोडकार्डांसाठी राखून ठेवले. प्रोग्रामसाठी उरले ६४० केबी. ज्या काळात यंत्र १६ केबीवर विकलं जात होतं, त्या काळात चाळीसपट वाढीची ही मोकळीक फार मोठी वाटली. चार-पाच वर्षांतच ती अपुरी पडू लागली. १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या तीन कंपन्यांनी मिळून ६४० केबीपलीकडची मेमरी वापरण्याची पद्धत ठरवली: ६४ केबीची एक खिडकी ठेवायची आणि तिच्यात बाहेरच्या मेमरीचे १६ केबीचे तुकडे आळीपाळीने आणायचे. अ‍ॅपलच्या कार्डासारखीच युक्ती, फक्त मोठ्या प्रमाणावर.

पण प्रोसेसरला दिसणारी मेमरी प्रोग्रामलाही दिसेल याची खात्री नसते. आयबीएम पीसीवरचं बेसिक आपल्या प्रोग्रामसाठी आणि माहितीसाठी मिळून ६४ केबीपेक्षा जास्त मेमरी वापरू शकत नव्हतं. यंत्रात २५६ केबी घातली तरी बेसिकमध्ये काम करणाऱ्याला काडीचाही फरक जाणवत नसे. उलट १९८३ च्या जानेवारीत आलेला लोटस १-२-३ हा प्रोग्राम हिशेबाचं पूर्ण पान मेमरीत ठेवायचा. मेमरी संपली की हिशेब तिथेच थांबायचा आणि मेमरी वाढवली की तेवढंच मोठं पान मांडता यायचं. मेमरीसाठी पैसे मोजण्याआधी आपला रोजचा प्रोग्राम ती वापरतो का, हे पाहणं म्हणूनच अत्यावश्यक होतं.

सॉकेट आणि स्लॉट

प्रोसेसरने परवानगी दिली, तरी चिप बसणार कुठे? आपल्याकडे घर बांधताना पुढे मजला चढवायचा विचार असेल तर स्लॅबच्या वर खांबांच्या सळया मोकळ्या सोडतात, आणि पायाही त्या वजनाचा घालतात. पहिल्या पीसीच्या मदरबोर्डावर आयबीएमने अगदी तेच केलं होतं. मेमरी चिपची एक ओळ जागेवरच सोल्डर केलेली होती, म्हणजे १६ केबी. पुढे रिकाम्या सॉकेटच्या तीन ओळी होत्या. प्रत्येक ओळ भरली की १६ केबी वाढत. तिन्ही भरल्या की ६४ केबी, आणि मदरबोर्ड संपला.

त्यापुढे जायचं तर कार्ड घ्यावं लागे, आणि कार्ड घालायला स्लॉट लागे. पीसीला स्लॉट होते पाच. एक पडद्याच्या कार्डाला, एक फ्लॉपीच्या कार्डाला. मोडेमसाठी सीरियल पोर्ट हवा तर आणखी एक. उरले दोन. आयबीएमचं मेमरी कार्ड ६४ केबीचं होतं. मदरबोर्डावरचे ६४ आणि तीन कार्डांचे १९२ मिळून २५६ केबी होतात हे कागदावर बरोबर होतं. प्रत्यक्षात ती तीन कार्डं बसवली की दुसऱ्या कशाला जागाच उरत नसे.

पैशांचा हिशेबही याच दिशेने जायचा. सॉकेटची एक ओळ भरणारा १६ केबीचा संच ९० डॉलरना मिळे. तीन संचांचे २७० डॉलर, मेमरी वाढली ४८ केबी. केबीला साडेपाच डॉलरपेक्षा थोडे जास्त. ६४ केबीचं कार्ड होतं ५४० डॉलरचं. केबीला जवळपास साडेआठ डॉलर. आधी मदरबोर्डावरचे सॉकेट भरावेत आणि मगच कार्डाचा विचार करावा, हा शहाणपणाचा क्रम या आकड्यांतूनच ठरला.

ही अडचण दुसऱ्या कंपन्यांनी ओळखली. आयबीएमने पीसीची तांत्रिक माहिती छापून खुली केल्यामुळे कोणालाही त्याच्यासाठी कार्ड बनवता येत होतं. क्वाड्राम, टेकमार, एएसटी रिसर्च अशा कंपन्यांनी एकाच कार्डावर मेमरी, सीरियल पोर्ट, प्रिंटर पोर्ट आणि बॅटरीवर चालणारं घड्याळ असं सगळं दिलं. एएसटीचं सिक्सपॅक प्लस हे कार्ड त्यांत फार गाजलं. त्यावर ३८४ केबीपर्यंत मेमरी बसत असे. १९८३ मध्ये आयबीएमने मदरबोर्ड बदलला आणि त्याच्यावरच २५६ केबी मावू लागली. २५६ आणि ३८४ मिळून बरोबर ६४०. एका स्लॉटमध्ये छत गाठता येऊ लागलं आणि बाकीचे स्लॉट मोकळे राहिले.

स्लॉटसोबत विजेचाही हिशेब होता. पहिल्या पीसीचा वीजपुरवठा अवघा ६३.५ वॅटचा होता. एकामागून एक कार्डं भरत गेलं आणि आतमध्ये हार्ड डिस्कही घातली, तर तो पुरा पडत नसे. पुढच्या एक्सटी या यंत्रात आयबीएमने तो १३० वॅटचा केला आणि स्लॉट पाचाचे आठ केले.

चिप निवडताना आणि बसवताना

पीसीची प्रत्येक ओळ नऊ चिपची असे. एका बाइटमध्ये बिट आठ, मग नववी चिप कशाला? ती पडताळणीसाठी. प्रत्येक बाइटबरोबर एक जादा बिट साठवून वाचताना तो जुळतो का हे यंत्र पाहत असे. न जुळल्यास पडद्यावर ‘पॅरिटी चेक’ असा संदेश येऊन काम थांबे. काम अचानक थांबणं त्रासाचं खरं, पण चुकलेला हिशेब बरोबर समजून पुढे जाण्यापेक्षा ते चांगलं. अ‍ॅपल टूमध्ये ही सोय नव्हती. तिथे ओळ आठ चिपची होती. त्यामुळे आयबीएमसाठी चिप घेणाऱ्याला आठ घेऊन चालत नव्हतं, नऊच घ्याव्या लागत.

चिपची जातही जुळावी लागे. जुन्या मदरबोर्डावर १६ किलोबिटच्या चिप होत्या. त्यांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागत: अधिक १२, अधिक ५ आणि उणे ५. नव्या ६४ किलोबिटच्या चिपला फक्त अधिक ५ व्होल्ट पुरत. दोन्हींना पाय १६ च, दिसायलाही सारख्याच, पण पायांची कामं वेगळी. जुन्या सॉकेटात नवी चिप घालून मेमरी चौपट होत नव्हती. चिप मात्र जळू शकत होती. वेगाचा नियम सोपा होता. पहिल्या पीसीला २५० नॅनोसेकंदांत उत्तर देणारी चिप पुरे. २०० किंवा १५० ची, म्हणजे जास्त वेगवान चिप चालायची. २५० हून मंद चालत नसे. मात्र वेगवान चिप घातल्याने यंत्राचा वेग वाढत नव्हता, म्हणून तिच्यासाठी जादा पैसे देण्यात अर्थ नव्हता.

बसवण्याचं काम घरी करता येण्यासारखं होतं, पण काळजीचं. कोरड्या हवेत अंगावर साठलेल्या स्थिर विजेच्या एका ठिणगीने चिप निकामी होऊ शकते, म्हणून आधी पेटीच्या धातूला हात लावायचा. चिपच्या एका टोकाची खाच ठरलेल्या दिशेलाच हवी. पाय वाकू न देता सारखा दाब देऊन ती सॉकेटात बसवायची. नंतर मदरबोर्डावरचे छोटे स्विच नव्या मेमरीप्रमाणे लावायचे. पहिल्या पीसीत आठ-आठ स्विचचे दोन संच होते आणि यंत्रात किती मेमरी आहे हे त्यांच्यावरूनच यंत्राला कळे. स्विच बदलायचे राहिले तर पैसे देऊन घातलेली मेमरी यंत्राच्या लेखी नसल्यासारखीच. वर्ष-दोन वर्षं वापरल्यावर चिप सॉकेटातून किंचित वर सरकत, कारण यंत्र तापतं आणि निवतं तसा धातू प्रसरण-आकुंचन पावतो. कारण नसताना मेमरीच्या चुका दिसू लागल्या, की पेटी उघडून सगळ्या चिप बोटाने दाबून बसवणं हा पहिला उपाय असे.

जुना पीसी घेणाऱ्याला आणखी एक गोष्ट तपासावी लागे: रॉमची तारीख. १९८१ च्या रॉमना ५४४ केबीपेक्षा जास्त मेमरी ओळखता येत नव्हती. २७ ऑक्टोबर १९८२ ची रॉम असेल तरच पूर्ण ६४० केबी कामाला येत.

आज घ्यावी की थांबावं?

मेमरीचे भाव एका दिशेने चालत नाहीत, हे त्या दशकाने ठसठशीतपणे दाखवलं. एका चिपमध्ये मावणारे बिट १६ हजारांवरून ६४ हजार आणि मग अडीच लाखांवर गेले. जपानी कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर उत्पादन केलं आणि १९८५ मध्ये भाव इतके कोसळले की मेमरीच्या धंद्यात एके काळी अग्रेसर असलेल्या इंटेलने त्याच वर्षी त्या धंद्यातून अंग काढून घेतलं. मग १९८६ मध्ये अमेरिका आणि जपान यांच्यात चिपच्या व्यापाराचा करार झाला, मागणी वाढली आणि १९८८ मध्ये मेमरीचा तुटवडा होऊन भाव वर गेले. १९९३ च्या जुलैत जपानमधल्या निइहामा इथल्या सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपच्या वेष्टणासाठी लागणाऱ्या राळेचा मोठा हिस्सा तिथून येत होता. बाजारात घबराट पसरली आणि भाव एकदम चढले.

यावरून गिऱ्हाइकासाठी निघणारा नियम असा: आजच्या कामाला लागणारी मेमरी आज घ्यावी, कारण कमी मेमरीवर रोज खोळंबत काम करण्याची किंमतही मोजावीच लागते. पुढे कधीतरी लागेल म्हणून मात्र महागाईच्या काळात साठा करू नये. हे जमायचं तर यंत्रात पुढे वाढवण्याची वाट मोकळी हवी.

ती वाट बंद असली की काय होतं, हे अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशने दाखवलं. जानेवारी १९८४ मध्ये आलेलं हे यंत्र २,४९५ डॉलरचं, मेमरी १२८ केबी. आकडा आयबीएमच्या मूळ यंत्रापेक्षा कितीतरी मोठा. पण ५१२ गुणिले ३४२ ठिपक्यांचा पडदाच त्यातले सुमारे २२ केबी घ्यायचा, आणि चित्रमय कारभारालाही भरपूर जागा लागायची. मेमरीच्या १६ चिप बोर्डावर सोल्डर केलेल्या होत्या. सॉकेट नाही, स्लॉट नाही. पेटी गिऱ्हाइकाने उघडू नये अशीच रचना. सप्टेंबरमध्ये ५१२ केबीचं मॅकिंटॉश आलं, आणि आठ महिन्यांपूर्वी यंत्र घेतलेल्यांपुढे दोनच मार्ग राहिले: विक्रेत्याकडून मोठी रक्कम देऊन पूर्ण बोर्ड बदलून घेणं किंवा कोणा जाणकाराकडून चिप काढून नव्या लावून घेणं. जानेवारी १९८६ च्या मॅकिंटॉश प्लसमध्ये अ‍ॅपलने मेमरीच्या पट्ट्यांसाठी चार सॉकेट दिले. १ एमबीचं ते यंत्र ४ एमबीपर्यंत वाढवता यायचं, आणि ते पाच वर्षांच्या आसपास बाजारात टिकून राहिलं.

पट्ट्यांचं गणित

सुट्या चिपऐवजी छोट्या पट्टीवर चिप लावून देण्याची ही पद्धत पुढे सगळीकडे पसरली. नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जोडून घेतलेल्या पीसीतून ती मराठी घरांत आणि कचेऱ्यांत आली. तिथेही मोजदाद चुकवून चालत नसे. ३० पिनांची पट्टी एका वेळी आठ बिट देते. ४८६ प्रोसेसर एका वेळी ३२ बिट मागतो. म्हणून अशा पट्ट्या चाराच्या संचातच घालाव्या लागत. ७२ पिनांची पट्टी ३२ बिट देते, म्हणून ४८६ ला एक पुरे. पण पेंटियम ६४ बिट मागतो, म्हणून त्याला जोडीच हवी.

इथेच खरेदीतली एक नेहमीची चूक होत असे. ३० पिनांच्या पट्ट्यांसाठी चार सॉकेटांचा बोर्ड घेऊन स्वस्त म्हणून एकेक एमबीच्या चार पट्ट्या भरायच्या. यंत्र ४ एमबीचं झालं, पण सॉकेट संपले. विंडोज ९५ साठी मेमरी वाढवायची वेळ आली की त्या चारही पट्ट्या काढून टाकाव्या लागत, म्हणजे आधीचे पैसे पाण्यात. ७२ पिनांच्या कमी पण मोठ्या पट्ट्या घेऊन सॉकेट रिकामे ठेवणारा माणूस सुरुवातीला थोडे जास्त पैसे द्यायचा आणि पुढे वाचवायचा.

आजच्या गिऱ्हाइकासाठी

केबीची जागा आता जीबीने घेतली आहे, पण प्रश्न तेच आहेत. आजच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डावर सोल्डर केलेली असते, १९८४ च्या मॅकिंटॉशसारखी. असं यंत्र घेऊ नये असं नाही. पण ते घेताना चार-पाच वर्षांनी लागेल एवढी मेमरी पहिल्याच दिवशी घेणं भाग आहे, कारण पुढे ती वाढणार नाही. ज्या यंत्रात सॉकेट आहेत तिथे आजच्या गरजेपुरती मेमरी घ्यावी, एक सॉकेट रिकामा ठेवावा आणि उरलेले पैसे हाताशी राखावेत.

म्हणून दुकानात ‘रॅम किती आहे?’ एवढंच विचारून थांबू नका. पुढचे चार प्रश्नही विचारा: ती जास्तीत जास्त किती होऊ शकते? ती सोल्डर केलेली आहे की काढता-घालता येते? आत्ता किती सॉकेट रिकामे आहेत? माझा रोजचा प्रोग्राम खरोखर किती मेमरी वापरतो? या चारांची उत्तरं मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.